मनीला बदामाचं दूध की नारळाचं?

ताईची मनी दूध प्यायली की जुलाब ठरलेले. मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज (दुधातली नैसर्गिक साखर) बहुधा पचत नाही. ताई विचारते, मग बदामाचं द्यावं की घरी काढलेलं नारळाचं?

लॅक्टोज दोन्हींत नसतं. खरा फरक चरबीचा. खोक्यातलं बदामाचं दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. बिनसाखरेचं असेल तर चमचाभराने सहसा बिघडत नाही. नारळाच्या दाट दुधात साधारण 20 टक्के चरबी. पोट पुन्हा बिघडायचं. कुत्र्याला तर जास्त चरबीने स्वादुपिंडाची सूजही येऊ शकते.

नारळ स्वस्त पडतो, पण खवा, वाटा, पिळा. बदामाचं खोकं महाग आणि उघडलं की काही दिवसांत संपवायचं. मनी पिणार चमचाभर, उरलेलं ताईच्या कॉफीत!

लेबल वाचाच. चॉकलेट कुत्र्या-मांजरांना विषारी. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) आणि मॅकाडेमिया (एक सुकामेवा) कुत्र्यांना घातक.

अधूनमधून लाड करायचे तर बिनसाखरेचं बदामाचं, नारळाचं सोलकढीला ठेवावं. आईविना पिल्लू असेल तर दोन्ही नकोत: पशुवैद्याला विचारून मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. तहानेला पाण्याची वाटी आहेच.