दालमिलच्या पत्र्याखाली दोन उन्हाळे: मीन वेलचा एचएलजी-१००एच ड्रायव्हर

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये, पत्र्याला हात लागेल एवढ्या उंचीवर, दुपारी तीन वाजता किती तापतं ते शिडीवर चढलेल्यालाच कळतं. मी थर्मोकपल (तापमान मोजायची, मीटरला जोडायची बारीक वायर) लावून मोजलं तेव्हा ५८ आलं. आणि नेमक्या त्याच जागी आपण इलेक्ट्रिकवाले एलईडी हायबे, म्हणजे उंच छताचे मोठे दिवे, टांगतो, वर त्याच्या डोक्यावरच ड्रायव्हर, म्हणजे लाइनच्या विजेचा एलईडीला लागेल तसा करंट करून देणारं खोकं, बसवतो.

या मिलमध्ये २४ दिवे मीच लावले होते. तुरीचा सीझन लागला की रोज १४ तास जळतात. चौदा महिन्यांत त्यातले अकरा गेले. मुनीमजींचा फोन ठरलेला: "भाऊ, आणखी दोन गेले ना जी. काहून होऊन राहिलं असं?" आधी दिवा लुकलुकायचा, मग चार-आठ दिवसांत बंद. प्रत्येक वेळी खाली उतरवून तपासलं तर एलईडी ठणठणीत. ड्रायव्हर फोडला की आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणारा, डबीसारखा पार्ट) टोपण फुगलेलं. ते ड्रायव्हर कोणत्या कंपनीचे होते ते इथे महत्त्वाचं नाही, कारण बसवण्यातली चूक माझी होती.

ती चूक कळली एका ठिपक्यामुळे. ड्रायव्हरच्या लेबलवर किंवा अंगावर एक बारीक ठिपका असतो, शेजारी ‘टीसी’ लिहिलेलं असतं. कंपनीने आतल्या तापमानाचा अंदाज यावा म्हणून ठरवलेली ती जागा. तिथे किती अंश चालतील हेही लेबलवरच छापलेलं असतं. माझ्या जुन्या ड्रायव्हरवर ८५ छापलं होतं. दुपारी तिथे थर्मोकपल चिकटवलं, अर्धा तास थांबलो. मीटरवर ९६. वीस वर्षं या धंद्यात आहे, आणि तोवर मी तो ठिपका एकदाही मोजला नव्हता.

‘टीए’चा घोळ याहून मोठा. लेबलवर टीए ५० असेल तर लोक समजतात, अकोल्यात ४५ आहे, म्हणजे चालेल. टीए म्हणजे गावाचं तापमान नाही, ड्रायव्हरच्या अंगालगतच्या हवेचं तापमान. पत्र्याखाली साठलेली गरम हवा, खालून दिव्याच्या हीटसिंकची (दिव्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) धग, आणि वर तुरीच्या भुशाचा रुपयाच्या नाण्याएवढा जाड थर. हा थर गोधडीसारखा. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही.

कपॅसिटरचा ढोबळ हिशेब सोपा आहे: १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट, १० वाढले की निम्मं. पूर्वीच्या मेटल हॅलाइड दिव्यांच्या चोकला, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याला, हे दुखणं नव्हतं. त्याच्यावर ‘टीडब्ल्यू १३०’ लिहिलेलं असायचं, म्हणजे वायंडिंग (तारेचं वेटोळं) १३० अंशांपर्यंत चालेल. चोक पंधरा-पंधरा वर्षं गरम राहून टिकले, आणि आपण त्याच सवयीने इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरही पत्र्याखाली ढकलला.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सीझन जोर धरायच्या आत, सगळे २४ ड्रायव्हर बदलले. घेतला मीन वेलचा एचएलजी-१००एच, ४२ व्होल्टचा, ए टाइप. तैवानची कंपनी आहे, १९८२ सालची. दिवे ८० वॅटचे, ड्रायव्हर ९६ वॅटचा. थोडी जागा राखायचीच, कारण गरम हवेत ड्रायव्हरकडून पूर्ण भार घ्यायचा नसतो. किती गरमीत भार किती कमी करायचा, त्याचा उतरता आलेख कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो बघूनच साइज ठरवा.

मला याची सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे याची एफिशियन्सी, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती टक्के दिव्याला पोचते ते. जुना ८५ टक्क्यांचा होता. ८० वॅटच्या दिव्यामागे चौदा वॅट नुसते उष्णतेत जात होते. हा ९२-९३ टक्क्यांचा, म्हणजे सहा-सात वॅट. निम्मी आग आधीच कमी. खोकं अॅल्युमिनियमचं, आत पूर्ण पॉटिंग, म्हणजे ओतून घट्ट केलेला मसाला, भरलेलं, त्यामुळे आतल्या पार्टची धग थेट बॉडीवर येते आणि भुसा आत शिरत नाही. इनपुट ९० ते ३०५ व्होल्ट. आमच्या एमआयडीसीत रात्री आजूबाजूच्या मिल बंद झाल्या की व्होल्टेज २६० पार करतं. एकही ड्रायव्हर कुरकुरला नाही.

ए टाइपमध्ये रबरी बूच काढून आतल्या स्क्रूने करंट कमी करता येतो. मी वीस दिव्यांचा २.२ वरून १.९ अँपिअर केला. उजेडातला फरक मुनीमजींना सांगूनही दिसला नाही. निवडणीच्या टेबलावरचे चार मात्र पूर्ण ठेवले. तिथे बाया डाळीतले खडे आणि काळे दाणे वेचतात, त्यांच्या डोळ्यांवर काटकसर करायची नाही.

पण नुसता चांगला ड्रायव्हर आणून जुन्याच जागी बसवला असता तर हे लिहायला बसलो नसतो. पहिला मी मुद्दाम जुन्या जागी लावून पाहिला: टीसी ८४. मग सगळे खाली आणले. दिवा जागेवरच, ड्रायव्हर जवळच्या लोखंडी खांबावर, जमिनीपासून बारा फुटांवर. मागे ३ एमएमची अॅल्युमिनियम पट्टी, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ हात, बोल्ट कच्चून. वर दिव्यापर्यंत एक स्क्वेअर एमएमची पंधरा फूट तांब्याची वायर. एवढ्या लांबीत अर्धा व्होल्टही पडत नाही, आणि ड्रायव्हर करंट धरून ठेवतो म्हणून उजेडाला फरक नाही. त्याच मे महिन्यात, त्याच तीन वाजता, खांबावर टीसी ६८.

जुन्या ९६पासून २८ अंश खाली. कपॅसिटरच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो, ते वर सांगितलंच आहे.

खांबावर ठेवल्याचा आणखी एक फायदा झाला. पोऱ्या छोट्या शिडीवरून दर पंधरवड्याला, लाइन बंद करून, ब्रशने भुसा झाडतो. वीस-बावीस फुटांवर कोणी झाडायला गेलं नसतं.

आता उणं. किंमत साध्या ड्रायव्हरच्या अडीच-तीनपट पडते, आणि शेठजींना पटवायला मला मीटर घेऊन त्यांना शिडीवर न्यावं लागलं. खोकं जड आहे, पत्र्याच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी लटकवायची वस्तू नाही. पॉटिंगमुळे दुरुस्ती नाही. ज्यांना बुधवारच्या बाजारातून कपॅसिटर आणून ड्रायव्हर पुन्हा चालू करायची सवय आहे, त्यांना हे खटकेल. वॉरंटी ७ वर्षांची आहे, पण बिल आणि लेबलचा फोटो जपून ठेवा. मी २४ ड्रायव्हरना रंगाने नंबर टाकलेत, वहीत तारीख आणि टीसी लिहिलंय.

घरात, दुकानात, एसी ऑफिसात हा घेऊ नका, पैसे वाया. पत्र्याचं शेड, बेकरी, जिनिंग, वेल्डिंगचं वर्कशॉप असेल तर जरूर घ्या. आणि मीटर नसेल तर के टाइप (थर्मोकपलचा एक प्रकार) थर्मोकपलचा साधा मल्टिमीटर आधी घ्या, ड्रायव्हर नंतर.

दोन उन्हाळे झाले, चोवीसच्या चोवीस चालू आहेत. फक्त ड्रायरशेजारच्या खांबावरचा सात नंबर परवा ७९ दाखवत होता. ड्रायरची धग थेट खांबालाच लागते. येत्या रविवारी मिल बंद असेल, तेव्हा तो पलीकडच्या भिंतीवर नेणार आहे. वायर आणून ठेवलीय.