ब्रेनस्टेमचं तिप्पट मॉडेल: घेण्याआधी पाठ बघा

पणजीत वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ब्रेनस्टेमचं, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचं, पीव्हीसीचं मॉडेल मिळतं. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, आत आकड्यांची यादी तेवढी. खरा ब्रेनस्टेम जेमतेम साडेसात-आठ सेंटिमीटर लांब. हे त्याच्या तिप्पट, पाटावर उभं, मधोमध उभं चिरलेलं, दोन्ही अर्धे लोहचुंबकाने जुळणारे. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, विच्छेदनाच्या टेबलावर खरा मेंदू बघायला मिळतो. नर्सिंग, फिजिओथेरपीच्या बऱ्याच मुलांच्या हाती मात्र मॉडेलच येतं, आणि त्यातली चूक डोक्यात पक्की बसली की पुढे वॉर्डात नडते.

समोरून कुठलंही मॉडेल छानच दिसतं: मधोमध फुगीर पॉन्स, त्याच्या वर मिडब्रेन, खाली मेड्युला; मेड्युलावर दोन उभे फुगवटे म्हणजे पिरॅमिड, त्यांच्या बाहेरच्या अंगाला लंबगोल ऑलिव्ह. पारख करायची ती पाठीकडून. सेरेबेलम (मागचा छोटा मेंदू) काढलेला असल्याने चौथ्या व्हेंट्रिकलचा, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचा, शंकरपाळ्याच्या आकाराचा तळ उघडा आहे, आणि इथे घडवणाऱ्याने खरंच जीव ओतलाय. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फेशिअल कॉलिक्युलसचे उंचवटे बोटाला लागतात. नावावर जाऊ नका. उंचवट्याच्या पोटात डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नर्व्हचं न्यूक्लियस (पेशींचा पुंजका) असतं आणि चेहऱ्याच्या सातव्या नर्व्हचे तंतू त्याला वळसा घालतात. म्हणून तिथे इजा झाली की त्या बाजूला नजर वळत नाही आणि चेहऱ्याची तीच बाजू लुळी पडते. बोट ठेवून एकदा सांगितलं की मुलं हे विसरत नाहीत.

याच पाठीवर मोठी चूकही आहे. मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हच्या बारा जोड्यांपैकी तिसरी ते बारावी अशा दहा जोड्या ब्रेनस्टेमला चिकटतात, त्यातली चौथी तेवढी मागून निघते, मिडब्रेनच्या पाठीवरच्या खालच्या उंचवट्याच्या (इन्फिरिअर कॉलिक्युलसच्या) लगेच खाली. या मॉडेलात ती समोर, तिसरीच्या शेजारी डकवली आहे. ब्लेडने काढा, मागे योग्य जागी 1 मिलिमीटरचं भोक पाडा, पिवळी बारीक वायर बसवून मिडब्रेनच्या कडेने पुढे आणा. बाकीच्या जागा बरोबर आहेत: पाचवी पॉन्सच्या कुशीतून, सहावी-सातवी-आठवी पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यावर, नववी-दहावी ऑलिव्हच्या मागे, बारावी ऑलिव्ह आणि पिरॅमिडच्या मधून.

दुसरी चूक बारीक आहे. मेड्युलाच्या खालच्या टोकाला पिरॅमिडमधले हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू बाजू बदलतात, त्यामुळे समोरची मधली खाच तिथे बुजल्यासारखी दिसायला हवी. इथे ती सरळ खालपर्यंत कोरली आहे. उजव्या मेंदूतल्या झटक्याने डावा हातपाय का जातो, त्याचं उत्तर याच दीड-दोन बोटं जागेत आहे. एम-सीलची पातळ तिरकी वेणी भरली की काम भागतं.

मधोमधच्या चिरेत सेरेब्रल अ‍ॅक्विडक्ट (मिडब्रेनमधली पाण्याची बारीक नळी) आणि चौथं व्हेंट्रिकल सुरेख कळतात. पण पार्किन्सन्स शिकवायला हे मॉडेल घेऊ नका. त्या आजारात झिजणारा काळसर भाग, सब्स्टँशिया नायग्रा, मधल्या रेषेवर नसतेच, ती दोन्ही बाजूंना असते. ती बघायला मिडब्रेनचा आडवा छेद लागतो. यादीत तिचा नंबर छापलाय, मॉडेलवर तो नंबर सापडत नाही.

रक्तवाहिन्या अजिबात नाहीत, ही खरी उणीव. उपाय लाल लोकरीचा: दोन व्हर्टिब्रल धमन्या खालून आणून पॉन्सच्या खालच्या काठावर जुळवा, तिथून त्यांची एकच बॅसिलर धमनी 8-9 सेंटिमीटर वर नेऊन पॉन्सच्या वरच्या काठाशी दुभंगा. व्हर्टिब्रलपासून एक फाटा ऑलिव्हला वळसा घालून मागे न्या, ती पायका (PICA), सेरेबेलमकडे जाणारी धमनी. ती बंद पडली की चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची विरुद्ध बाजू दुखणं-गरमपणा ओळखत नाही, गिळताना ठसका लागतो.

आयसीयूत काम करणाऱ्यांना या मॉडेलचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. ब्रेनस्टेम-डेथच्या, म्हणजे ब्रेनस्टेमचं काम कायमचं थांबलं का हे बघण्याच्या, तपासण्या वरून खाली उतरतात. डोळ्याच्या बाहुलीवर उजेड टाकला की मिडब्रेन, कापसाने कॉर्नियाला स्पर्श केला की पॉन्स (पाचवी आत, सातवी बाहेर), कानात बर्फाचं पाणी घातलं की आठवीपासून सहावी-तिसरीपर्यंतची वाट, श्वासनळीत सक्शनची नळी घातल्यावर खोकला येतो का ते मेड्युला. शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट: रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिलिमीटर पाऱ्यावर गेल्यावरही श्वास येत नाही ना, एवढंच बघायचं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली या तपासण्या दोनदा होतात, मध्ये निदान 6 तास. नातेवाईकांना त्या सहा तासांचा अर्थ समजावून सांगणाऱ्या सिस्टरला प्रत्येक पायरी बोटाने दाखवता आलीच पाहिजे.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोहचुंबक गंजतो आणि पीव्हीसीवर तांबूस डाग उतरतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. नंबरांचे कागदी स्टिकर पावसाळ्यात सुटतात, परमनंट मार्करने आकडे आधीच लिहून ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, रंग निघतो. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. जून ते सप्टेंबर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि अर्धे वेगळे ठेवा, नाहीतर सांध्यात बुरशी धरते.