पाच किलो बेण्यासाठी मंचरची वारी

आमच्या चाकणच्या घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथे मेथी, वांगी, लसूण सगळं नीट आलं. बटाटा मात्र दोन वर्षं हुलकावणी देत होता आणि दोन्ही वेळा चूक बेण्यातच, म्हणजे लावायला आणलेल्या बटाट्यातच होती. गेल्या हंगामात मंचरच्या बाजारपेठेतल्या एका बटाटा बेण्याच्या दुकानातून पाच किलो बेणं आणलं आणि पहिल्यांदाच घरचा बटाटा पोत्यात भरला. त्या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखे दोन-पाच किलोचे गिऱ्हाईक नेमके इथेच अडतात. शेतकऱ्याला गाडीभर बेणं मिळतं, आपल्याला मूठभर कोणी देत नाही.

आधी फसलेल्या वाटा सांगते. पहिल्या वर्षी भाजीच्या टोपलीतले बटाटे लावले. निम्म्यांना कोंबच आले नाहीत. खायच्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून काही कोल्ड स्टोरेजमध्ये औषधाचा धूर देतात, हे मला नंतर कळलं. जे उगवले त्यांची पानं वळलेली, चुरगळलेली. खाली निघाले सुपारीएवढे गोळे. माझा भाऊ सातगाव पठारावर कुरवंडीला असतो, त्याने फोटो बघून लगेच सांगितलं, "अगं, हे व्हायरसचं बेणं आहे. मावा किडीनं आणलेला रोग बटाट्यातूनच पुढच्या पिकात उतरतो. पाणी, खत कितीही घाल, त्याला काही उपयोग नाही."

दुसऱ्या वर्षी ऑनलाइन मागवलं. आधी एका विक्रेत्याकडून 'जांभळा बटाटा' म्हणून पाकीट आलं, त्यात टोमॅटोच्या बियांसारखे वीसेक बारीक दाणे. बटाट्याच्या झाडाला फळ धरतं आणि त्यात खरोखरचं बी असतं, हे खरं. पण त्याची आधी रोपं करावी लागतात, पहिल्या हंगामात बटाटे लहान निघतात आणि आईबापाचा वाण तसाच उतरेल याची खात्री नाही. पाकिटावर यातलं एक अक्षर नव्हतं. मग दुसरीकडून एक किलो बटाटे मागवले. सहा दिवस प्लास्टिकमध्ये कोंडून आले. पिशवी उघडताच कुजका वास, वीतभर पांढरे कोंब, तेही मोडलेले, आणि वाणाच्या जागी नुसतं 'हायब्रीड'. पैसे परत मिळाले, हंगाम गेला तो गेलाच.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी सरळ एसटीने मंचर गाठलं. भावाकडचेच बटाटे का नेत नाहीस, असं वहिनीने विचारलं होतं. पठारावरचा बटाटा पावसाळी. जून-जुलैत लावतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. तो ताजा बटाटा आठ-दहा आठवडे झोपलेला असतो, डोळा उघडतच नाही. नोव्हेंबरात लावायला तो चालत नाही. भाऊही दरवर्षी मंचरलाच बेणं घेतो. हे बेणं येतं पंजाबातून, बहुतेक जालंधर भागातून. तिकडच्या थंडीत मावा कमी असताना पीक वाढवतात, मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात, मग काढणी करून माल दोन ते चार अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात. आपल्या हवेत निरोगी बेणं राखणं अवघड, म्हणून इतक्या लांबून ट्रक येतात.

दुकान म्हणजे पत्र्याची मोठी शेड. छतापर्यंत पन्नास किलोच्या गोण्यांची थप्पी, जमिनीवर लाल मातीचा थर आणि सगळीकडे ओलसर थंड वास. शेठ पहिल्यांदा म्हणाले, "बाई, गोणीच्या खाली देत नाही." मी बसून राहिले. मला पाच किलो का हवंय, दोन वर्षं काय झालं, सगळं सांगितलं. तेवढ्यात थप्पीतली एक गोणी उसवलेली निघाली आणि त्यांनी हमालाला हाक मारली, "बाईंना निवडून घेऊ दे." निवडून! एवढ्या एका शब्दासाठी हे दुकान मला आवडलं.

गोणपाटावर बटाटे पसरले तसे त्यांनी स्वतः खाली बसून दाखवलं. कोंबडीच्या अंड्याएवढा घ्यायचा, चाळीस ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे कापायची गरज नाही. कापलं की चिकण मातीत कुजायची भीती. त्यांनी एक बटाटा नखाने खरवडला, साल सुटली नाही. "पक्का आहे," म्हणाले. दुसऱ्याच्या टोकाला बारीक काळा डाग होता, तो बाजूला टाकला. तिसऱ्याच्या डोळ्यातून तांदळाच्या कणीएवढा जांभळट कोंब डोकावत होता. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "असा बुटका, जाड पाहिजे. लांब पांढरा झाला की समजायचं अंधारात कोंडलाय." घरी येऊन मोजले: पाच किलोत ११८ बटाटे.

वाणांचं बोलायचं तर दुकानात दोनच होते, कुफरी पुखराज आणि कुफरी ज्योती. कुफरी हे शिमल्याजवळचं ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं संकराचं काम तिथे चालतं, म्हणून त्यांच्या वाणांच्या नावाआधी ते लागतं. ज्योती १९६८ सालची, पुखराज १९९८ सालचा. मी मोठ्या आशेने 'कुफरी लवकर' नावाचा वाण मागितला. १९७२ सालचा हा वाण आपल्या दख्खनच्या पठाराला मानवणारा, आणि त्याचं नाव वाचलं की अगदी घरचं वाटतं. शेठ म्हणाले, "तो आता येत नाही हो. मागणारेच राहिले नाहीत." फार वाईट वाटलं. पुखराज भरपूर उतरतो म्हणून सगळे तोच नेतात, आणि चवीचा विचार कोणी करत नाही.

तीन किलो पुखराज, दोन किलो ज्योती घेतली. दर ३५ रुपये किलो. गोणीच्या भावापेक्षा जास्त आहे, पण निवडून दिल्यावर मला तो रास्त वाटला.

आता दुकानाचं उणं. गोणीला निळा टॅग नव्हता. प्रमाणित बियाण्याला तो असतो. मी विचारलं तेव्हा शेठ सरळ म्हणाले, "हा व्यापारी माल आहे, टॅगचा नाही." खोटं बोलले नाहीत याचं मोल आहे, पण एवढ्या मोठ्या बाजारपेठेत टॅगचं बेणं मागूनही मिळू नये हे बरोबर नाही. कोल्ड स्टोरेजमधून माल कधी बाहेर काढला तेही नीट सांगता आलं नाही, "आठवडा झाला असेल" एवढंच. पावती मागितल्यावर दिली, पण तिच्यावर वाण लिहिला नव्हता. तो मी लिहून घेतला, तुम्हीही घ्या.

घरी आठ दिवस ओसरीवर, उन्हाचा झोत येणार नाही पण उजेड राहील अशा जागी, एक थर पसरून ठेवले. ४ नोव्हेंबरला दोन फुटांच्या सऱ्यांत वीतभर अंतराने लावले. बटाटा पोसायला रात्रीचा पारा वीसच्या खाली लागतो, म्हणून त्याआधी घाई केली नाही. महिन्याभराने झाडांच्या बुडाशी मातीची भर लावली. डिसेंबरच्या ढगाळ आठवड्यात ज्योतीवर करपा रोग दिसला, तेवढी पानं लगेच काढून टाकली.

पुखराज ८२ दिवसांनी काढला: लावलेल्या ७१ बटाट्यांचे ३१ किलो झाले. ज्योती १०० दिवसांनी: ४७ बटाट्यांचे १५ किलो. आकडा पुखराजच्या बाजूने आहे, ताटात मात्र ज्योती सरस. पुखराज पिवळसर, पाणचट. रस्स्याला चांगला, पण बटाटेवड्याच्या सारणात चिकट होतो. ज्योती उकडल्यावर साल सहज सुटते आणि गर मोकळा राहतो. महाशिवरात्रीला तिचा कीस केला, कढईत एकदाही गोळा झाला नाही. नातवाने दोनदा मागून घेतला.

वेफर्ससाठी वाण हवा असेल तर चिप्सोना विचारा. त्यात पाण्याचा अंश कमी, तेल कमी पितो. मला या दुकानात तो मिळाला नाही. आणि बेणं म्हणून थंडाव्यात ठेवलेले बटाटे तळायला काढू नका. गारठ्यात त्यांच्यात साखर वाढते, वेफर्स लालकाळे होतात.

यंदा आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी मिळून ज्योतीची एक गोणी सांगून ठेवली आहे. सहा घरं एकत्र आली की गोणीच्या भावात मिळतं आणि निवडाही होतो. शेठना दिवाळीआधी फोन करून आणखी एक विनंती केली आहे. कुफरी सूर्या हा २००६ सालचा, उष्णता सोसणारा वाण आहे, त्याची एखादी गोणी तरी ट्रकात टाकायला सांगा. ते म्हणाले, जालंधरला विचारतो.