रॅडिकल हिस्टरेक्टॉमीनंतरचा बायोप्सी रिपोर्ट: लॅबला किती गुण द्यायचे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय आणि आजूबाजूचं ऊतक काढण्याचं ऑपरेशन) झाली की काही दिवसांत हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो. रेडिएशन लागणार का, आजार उलटण्याचा धोका किती, हे डॉक्टर मुख्यतः त्यावरूनच ठरवतात. तेव्हा लॅबचं काम तपासून घ्यायलाच हवं. चकचकीत लेटरहेडला इथे शून्य गुण.

पहिली नजर लिम्फ नोडवर, म्हणजे लसिकाग्रंथींवर. नुसतं ‘नोड्स निगेटिव्ह’ लिहिणारा रिपोर्ट कच्चा. ‘उजवीकडे ०/११, डावीकडे ०/१०’ असा हिशेब हवा, कारण चार नोड पाहून निगेटिव्ह म्हणणं वेगळं आणि एकवीस पाहून म्हणणं वेगळं. ओटीपोटातल्या एका नोडमध्ये जरी गाठ पसरलेली निघाली, तरी २०१८च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) वर्गीकरणात स्टेज थेट ३सी१ होते. नोड, कापलेली कड किंवा पॅरामेट्रियम (गर्भाशयमुखाच्या बाजूचं ऊतक), यांतलं एकही बाधित असेल तर रेडिएशनसोबत केमोही द्यावी लागते. अशाच रुग्णांवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोची जोड मिळालेल्यांचं चार वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८१ टक्के होतं, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं ७१ टक्के.

खरी गफलत होते ती गाठ गर्भाशयमुखाच्या भिंतीत किती खोल शिरली (इन्व्हेजन) हे लिहिताना. ‘इन्व्हेजन ७ मिमी’ असं लिहून मोकळं होता येत नाही. कशापैकी ७? गाठ १.८ सेंमी आणि रक्त-लसिका वाहिन्यांत पेशी शिरलेल्या (एलव्हीएसआय पॉझिटिव्ह) असं धरू. भिंतीच्या जाडीचे तीन समान भाग करायचे. भिंत १० मिमी जाड असेल तर ७ मिमी म्हणजे सर्वांत खोल भाग, आणि सेडलिस निकषांनुसार (नोड, कड, पॅरामेट्रियम स्वच्छ असतानाही रेडिएशन लागेल का, हे ठरवणारे निकष) रेडिएशन लागतं. भिंत १५ मिमी असेल तर तेच ७ मिमी मधल्या भागात येतात. तिथे गाठ किमान २ सेंमी लागते, म्हणून निकष भरत नाही. एक आकडा गाळला की उपचारच बदलला.

एलव्हीएसआयवरही डोळे झाकून विश्वास नको. नमुना फॉर्मॅलिनमध्ये उशिरा किंवा कमी पडला, तर ऊतक आक्रसून पेशींच्या पुंजक्याभोवती पोकळी पडते आणि ती वाहिनीसारखी दिसते. शंका असेल तिथे चांगली लॅब डी२-४० किंवा सीडी३१ स्टेन (वाहिन्यांचं अस्तर रंगवून दाखवणारी तपासणी) करून खातरजमा करते.

गाठीचा प्रकार नेमका हवा. गॅस्ट्रिक प्रकारचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) आणि स्मॉल सेल हे नेहमी आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारापेक्षा बरेच वाईट वागतात. उलट ठळक अक्षरांत छापलेल्या ग्रेडला (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची श्रेणी) स्क्वॅमसमध्ये फारसं वजन नाही. उगाच धसका घेऊ नये.

ऑपरेशन कसं झालं, याचा परिणाम मात्र या कागदावरून कळत नाही. २०१८च्या लॅक चाचणीत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात ९६.५ टक्के होतं, दुर्बीण किंवा रोबोटने केलेल्यात ८६ टक्के. म्हणून ऑपरेशन नोट रिपोर्टलाच जोडून ठेवावी.

नोडची संख्या, खोली व भिंतीची जाडी, एलव्हीएसआय, मिलिमीटरमध्ये कडेचं अंतर: यांतलं काही नसेल तर पुरवणी रिपोर्ट मागावा. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) लॅबमध्ये जपलेले असतात, त्यामुळे बहुतेक उणिवा नंतरही भरून निघतात. दुसरं मत घेताना नुसता कागद नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉकही न्या.