अंगणवाडी, नर्सरी की पाळणाघर? आधी ताई बघा

तीन वर्षांच्या भाचीसाठी आम्ही तिन्हीकडे जाऊन बसलो. फी आणि अंतर पाहिलंच, पण ठरलं ते तिथल्या बायकांची वागणूक पाहून.

नर्सरीतल्या टीचर हसऱ्या, खेळणीही भरपूर. पण दाराकडे बघून रडणाऱ्या एका मुलाला ‘गुड बॉय रडत नाही’ म्हणत त्यांनी लिहायचा कागद पुढे सरकवला. त्या वयात बोटं पेन्सिलीला पुरती तयार नसतात. पालकांना भरलेली पानं दाखवायची असतात, म्हणून टीचरचीही ओढाताण होते.

अंगणवाडीत एक खोली, एक सेविका, एक मदतनीस. सेविकेच्या मागे मुलांची वजनं, आहाराच्या नोंदी, मोबाइलवर भरायची माहिती, गृहभेटी. त्यामुळे मुलांजवळ सलग बसणं तिला जमत नाही. ही उणीव मोठीच आहे. तरी एक पोर रडायला लागली तशी तिने रजिस्टर मिटलं, तिला कडेवर घेतलं आणि तिच्याच बोलीत विचारलं, “आजी कुठं गेली गं तुझी?” सेविका गावातलीच, त्यामुळे आजीही तिच्या ओळखीची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती. सेविकेला पाहताना तेच आठवत राहिलं.

पाळणाघरात शिकवण्यापेक्षा भरवणं, झोपवणं, चड्डी बदलणं जास्त. मला तर हीच खरी परीक्षा वाटते. चड्डी ओली झालेल्या मुलाला मावशी चारचौघांत रागावते की हळूच बाजूला नेते? आम्ही पाहिलेल्या ठिकाणी मावशी प्रेमळ होत्या, पण सहा महिन्यांत तिसऱ्या. मुलाला लळा लागतो आणि माणूस निघून जातं. आईवडील दोघं दिवसभर बाहेर असतील तर पाळणाघराला पर्याय नाही. अशा वेळी मावशी किती वर्षं टिकून आहेत, हे फीच्या आधी विचारा.

आमच्या घरी दुपारी आजी असते, म्हणून आम्ही अंगणवाडी घेतली. अक्षरओळखीची आम्हाला घाई नाही. तुम्हाला ती असेल तर नर्सरी निवडा, मात्र ठरवून दिलेल्या भेटीच्या वेळेवर विसंबू नका. सुटायच्या वेळी जा आणि ज्याला न्यायला उशीर झालाय, त्या मुलाजवळ कोण बसलंय ते पाहा.