पूर ओसरल्यावर पैसे मागणाऱ्या संस्थेबद्दल, दोन वर्षांचा अनुभव (5 पैकी 4)

संस्थेचं नाव टाकत नाही कारण जुनी तक्रारपण लिहायची आहे, आमच्या भागात विचाराल तर कोणीही सांगेल. पूर, आग, वादळ झालं की धावून जाणारी ही मंडळी, आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी पाहिलंय, आधी मदत घेणारी म्हणून आणि आता पैसे देणारी म्हणून.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली, मोरभवन बसस्थानकात एसट्या पाण्यात उभ्या होत्या. आमचं घर डागा लेआउटच्या बाजूला, फ्रीज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगत होता आणि पाणी उतरल्यावर सगळीकडे वीतभर गाळ. दिवसभर लोक बिस्किटं अन जुने कपडे आणून देत होते, त्यांचा भाव चांगला होता पण घरात गाळ असताना साडी नेसून काय करू बाप्पा? संध्याकाळी या संस्थेचे पोट्टे आले अन त्यांनी खराटा, वायपर, फिनाईल, ब्लीचिंग पावडर आणि रबरी हातमोजे दिले. त्या हातमोज्यांसाठी मी आजही त्यांची ऋणी आहे, खरंच सांगते.

म्हणून पुढच्याच महिन्यात पैसे पाठवायचं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला, स्कॅन केला तर नाव कोणत्यातरी माणसाचं, संस्थेचं नाहीच. आमचे हे म्हणाले राहू दे, मी तरी 3000 भरले. पावती आली चार महिन्यांनी, हाताने लिहिलेली, आणि रिटर्न भरताना सीए म्हणाला की 10बीई, म्हणजे संस्थेने द्यायचं देणगीचं सर्टिफिकेट, कुठाय? संस्थेला 31 मे पर्यंत 10बीडी फॉर्ममध्ये देणगीदारांची यादी द्यावी लागते, माझं नावच त्यात नव्हतं, मग देणगीवर मिळणारी 80जी ची आयकरातली सूट गेली. (नवीन टॅक्स रिजीममध्ये ही सूट मिळतच नाही, आणि रोख 2000 च्या वर दिले तर जुन्यातही नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.)

पण त्याहून जास्त दुखलं ते पोस्टरचं. आमच्या शेजारच्या काकू चिखलात बसून रडताना कोणीतरी फोटो काढला होता, तो 'मदत करा' म्हणून फिरत होता, काकूंना पुण्याच्या लेकीकडून कळलं. त्या दोन दिवस दाराबाहेर आल्या नाहीत. मी ऑफिसात जाऊन बोलले, जरा जोरातच बोलले.

आता चांगलं. त्यांनी ऐकलं. पोस्टर काढलं, काकूंच्या घरी येऊन माफी मागितली, आणि आता फोटो टाकतात तो फक्त किटचा, टेबलावर मांडलेला एकेक खराटा, बाटली, शेजारी बिल. मला विचाराल तर तो बिलाचा फोटो रडणाऱ्या बाईपेक्षा जास्त पैसे खेचतो, आमच्या बिल्डिंगमधल्या पाच घरांनी तो पाहूनच पैसे दिले. क्यूआरवर आता संस्थेचं नाव येतं, पॅन आधीच विचारतात, पावती दोन मिनिटांत येते आणि 10बीई यंदा वेळेत मिळालं.

सगळ्यात आवडलं ते फेब्रुवारीतला फोन. तिकडून एक पोरगी म्हणाली, "ताई, पुरासाठी दिलेल्या पैशातले थोडे उरले आहेत, उन्हाळ्यात झोपडपट्टीत आगी लागतात, त्यासाठी वापरू का, की पुरासाठीच ठेवू?" माझ्या पैशाबद्दल मलाच विचारून राहिले! मी हो म्हटलं आणि तिथल्या तिथे महिना 200 चा ऑटोपे लावला, जे दहा मेसेज वाचून कधीच केलं नसतं.

मला वाटतं यांनी हेच पकडून ठेवावं. पाऊस सुरू झाल्यावर दिवसाला पाच मेसेज टाकायचे, सगळ्यांचे पैसे एकदमच यायचे अन नंतर वर्षभर शुकशुकाट, यात ताडपत्री पावसाळ्यातच महाग दराने घ्यावी लागते. एप्रिलमध्ये मागा ना भाऊ, गोदाम तेव्हाच भरा. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशात, आपत्ती व्यवस्थापनाला परवानगी आहे, बुटीबोरी अन हिंगण्यात इतके कारखाने, तिकडे कोणी गेलंय का विचारलं तर अजून नाही म्हणाले. एक स्टार त्याचा कापला, आणि त्या पाच मेसेजचा.

द्यायचं असेल तर पॅन सोबत न्या, ऑफिस दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं. जुने कपडे मात्र नेऊ नका, गोदामात तीन पोती आधीच पडून आहेत, त्यात एक लग्नाचा कोटसुद्धा आहे.