ऑनलाइन सुकी मासळी: दोन स्टार, तेही पॅकिंगला

पावसाळ्याच्या बेगमीला दरवर्षी मी मरोळच्या बाजारात जातो, यंदा गुडघ्याने दगा दिला म्हणून म्हटलं ऑनलाइन मागवून बघू. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.) अर्धा किलो बोंबील, पाव किलो जवळा, थोडे सुके बांगडे. पॅकिंग एक नंबर, झिपवालं पाऊच, लिफ्टमध्ये कोणी नाक मुरडलं नाही. पण पाऊच उघडलं आणि मासळीच्या आधी ढेकणाच्या औषधाचा भपकाराच आला! सुपात पसरून दिवसभर गॅलरीत ठेवलं, एक माशी फिरकली नाही. आता माशी बसली नाही म्हणजे औषध मारलंय असं छातीठोक सांगता येत नाही, आणि डीडीटी या कीटकनाशकाला तर फारसा वासच नसतो, खरं काय ते लॅबच सांगणार. पण शंका आली ती आलीच.

कारण असं खरंच होतं. हवा दमट झाली की मासळी वाळायला वेळ लागतो, माश्या अंडी घालतात, मग अळ्या, माल गेला. ते वाचवायला काही जण थेट कीटकनाशक मारतात, बांगलादेशात तर सुक्या मासळीत डीडीटी आणि डायक्लोरव्हॉस सापडल्याचं कितीदा छापून आलंय. आपल्याकडे शेतीत डीडीटी 1989 पासून बंद, डायक्लोरव्हॉसवर 2020 च्या शेवटी पूर्ण बंदी. भाईंदरजवळच्या उत्तनला बोंबील वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) उंच टांगलेले असतात, वारा लागतो, लवकर वाळतात. जमिनीवर पसरलेल्या मालाचं काय ते तुम्हीच बघा.

एका जेवणाने कोणी आजारी पडेल असं नाही हो, पण डीडीटी चरबीत साचतं, वर्षानुवर्षं राहतं आणि आईच्या दुधात उतरतं, 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलंय. चरबीत बसलेलं नुसतं धुऊन जात नाही, म्हणून तेलकट बांगड्याची मला जास्त धास्ती. आणि आमची मुलगी तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलीये.

कस्टमर केअरला विचारलं, माल कुठे वाळवला, टेस्ट रिपोर्ट आहे का? "सर, हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे", आणि वर शंभर रुपयांचं कूपन. बायकोने सगळं कचऱ्यात टाकलं. सूप दोनदा धुतलं तरी अजून वास येतोय.